चहाच्या टपरीवरची प्लेट

ते प्रकरण आठवलं की आजही अंगावर काटा येतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. सालेकसा भागातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे माझे जवान नक्षलविरोधी मोहिमेवर जंगलात शिरणार होते, आणि आदल्या सकाळी खबऱ्या धापा टाकत आला.

"साहेब, स्टँडवरच्या टपरीत तुमच्या जाकिटातली लोखंडी प्लेट आहे. बाई तिच्यावर रोट्या भाजून राहिली!"

मी ताडकन उठलो. प्लेट आमचीच निघाली, सरकारी शिक्क्यासकट! पंचनामा करून जप्त केली आणि भांडार उघडलं. बुलेटप्रूफ जाकिटं सगळी होती, पण अर्ध्यांतून प्लेटा गायब. चोरी, दुसरं काय? भांडार सांभाळणाऱ्या वयस्क हवालदाराला मी समोर बसवून चांगलंच फैलावर घेतलं.

"चोरी नाही जी," तो शेवटी म्हणाला. "आम्हीच काढल्या. एक टपरीवालीला तव्यासाठी देऊन टाकली. एवढं ओझं घेऊन पहाडी काऊन चढावं? गोळी तं दुरून येते. शंभर पावलांवर तिच्यात दमच नाही राहत."

माझी ट्यूब पेटली! या लोकांनी लहानपणापासून गावातली ठासणीची भरमार बंदूक पाहिलेली. तिचा छर्रा लांब गेला की ढेपाळतो. त्याच मापाने ते रायफल मोजत होते.

सगळ्यांना फायरिंग रेंजवर नेलं. कोंड्याच्या पोत्याला बिनप्लेटचं जाकीट चढवलं. दहा पावलांवरून पिस्तूल झाडलं. गोळी अडकली, जवानांनी टाळ्या पिटल्या. मग शंभर मीटरवरून एसएलआर रायफल. जाकीट, पोतं, सगळं आरपार! प्लेट घालून पुन्हा झाडली, तेव्हा गोळी थांबली. जाकिटाच्या आतल्या पट्टीवर हेच लिहिलेलं होतं: नुसतं जाकीट पिस्तूल-कार्बाइनपुरतं, रायफलसाठी प्लेट हवीच. ती पट्टी कोणी वाचलीच नव्हती.

खाटांखालून, पेट्यांमागून प्लेटा बाहेर निघाल्या. मी तोंडाचा पट्टा सोडलाच होता, तेवढ्यात हवालदाराने माझंच जाकीट पुढे ठेवलं. रिकामं!

"तुमची कंबर दुखते म्हणून मीच काढली होती जी," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मला रागावताच येईना.

जिवावर उठलेल्या माणसांपासून सावध राहायला खात्याने मला शिकवलं होतं. जीव लावणाऱ्याच्या हातूनही जीव जाऊ शकतो, हे त्या हवालदाराने शिकवलं. पुढे निवृत्त होईपर्यंत माझं जाकीट मी स्वतः चाचपल्याशिवाय अंगात घातलं नाही.