दुसरी मेहिटेबल

मेहिटेबल टर्बॉक्सला आमच्या गावात सगळे हिटी म्हणत. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं जन्म घालवला, लग्न केलं नाही, आणि जीभ अशी की पाद्रीसुद्धा रस्ता बदलायचा. निवृत्त झाल्यावर तिनं जहाजातून मॅसॅच्युसेट्सला आलेल्या मूळ पुरुषापासूनची वंशावळ लावायला घेतली. तिच्या भाचीला, नेलला, दिवस गेले होते. मुलगी झाली तर आत्याचंच नाव ठेवायचं, असं नेलनं ठरवलं होतं. त्या मुलीसाठी हा खटाटोप. शेजारी म्हणून गाडी हाकायचं काम माझ्या गळ्यात.

कागद जुळेनात. चर्चच्या नोंदीत मूळ पुरुषाची मुलगी मेहिटेबल चौथ्या वर्षी घटसर्पानं वारलेली. पुढे बापाच्या मृत्युपत्रात त्याच मेहिटेबलला तांबडी गाय दिलेली.

"मेलेल्या पोरीला गाय कशाला?" मी म्हणालो.

"एझ्रा, तुझ्या डोक्यात भुसा भरलाय. एक पोर गेली की पुढच्या पोरीला तेच नाव द्यायचे पूर्वी. या दोघी आहेत."

गाठ सुटली म्हणून स्वारी खूश. पण पुढच्या पिढीतही तेच निघालं, त्याच्या पुढच्याही. पहिली मेहिटेबल जायची, दुसरीला नाव लाभायचं.

"मी तर थोरली," ती एकदा गाडीत म्हणाली. "मग मी कशी जगले?"

टर्बॉक्सांच्या शेतामागच्या दफनभूमीत, झुडपाखाली, एक छोटासा दगड सापडला. अक्षरं दिसावीत म्हणून तिनं त्यावर मैदा चोळला. मेहिटेबल टर्बॉक्स. साल हिटीच्या जन्माच्या आदल्या वर्षाचं. दगडाशेजारी हातभर जागेत गवत उगवलं नव्हतं. कोल्ह्यानं उकरलं असेल, असं मी म्हणालो, काहीतरी बोलायचं म्हणून.

तशाच पिठाच्या हातांनी तिनं नेलचं दार ठोठावलं.

"बाळाला माझं नाव ठेवू नकोस. बाई, एवढं ऐक माझं."

"का गं, आत्या?"

हिटीनं सगळं सांगितलं. सांगता सांगता रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि मला भीती वाटली. नेल भांडी विसळत होती. तिनं सावकाश हात पुसले.

"भिऊ नकोस, आत्या. ही दुसरी आहे. पहिली बोस्टनला झाली, गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी. दिवसभरच जगली. नाव ठेवलं होतं. कुणाला सांगवलंच नाही गं."

हिटी खुर्चीत बसली.

"कुठे ठेवलीस तिला?"

"तुझ्या शेजारी, त्या झुडपाखाली," नेल म्हणाली.