पाच वेळा एंटर

रुद्रेश परबवर मी मनापासून चिडतो, आणि त्याच्याशिवाय मला सकाळची उंडे-भाजी गोड लागत नाही. मी दोडामार्गचा, एसी आणि बॅटऱ्या सांभाळणं हे माझं काम. तो पेडण्यातल्या हळर्णचा, नेटवर्क बघणारा. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचं डेटा सेंटर आहे. नाव मोठं, पण मुळात ती प्रमोदशेटची ट्रक दुरुस्तीची शेड. खाणी बंद पडल्यावर शेटनी ट्रक विकले आणि शेडमध्ये थंडगार खोल्या बांधल्या. आता तिथे पतसंस्थांचे, शाळांचे, दवाखान्यांचे सर्व्हर राहतात. ट्रकांपेक्षा यांचे लाड जास्त, एवढाच फरक.

हरमलच्या किनाऱ्यावर शॅकवाल्यांचं वायफाय जोडण्यापासून रुद्रेशची सुरुवात झाली. मग हॉटेलं, मग पणजीतली एक बँक. इतकी वर्षं या माणसाने दुसऱ्यांनी घातलेल्या गाठी सोडवल्या. कोणी कुठे कशी तार ओढली, का ओढली, हे शोधण्यात त्याची चाळिशी आली. कोरं नेटवर्क, पहिल्या तारेपासून आपलं, असं त्याला कधी मिळालंच नाही. बाकी त्याने कधी काही मागितलं नाही. पगारवाढसुद्धा मीच त्याला ढकलून मागायला लावली होती.

मग शेटनी कंट्रोलर घ्यायचं ठरवलं. मला समजलं तसं सांगतो. पूर्वी नेटवर्कच्या एकेका स्विचला वेगवेगळं शिकवावं लागायचं. आता एका जागी बसून सगळ्यांना हुकूम सोडता येतात. ते हुकूम सोडणारं यंत्र म्हणजे कंट्रोलर. आमच्याकडे तीन आले, एक पडला तर बाकीच्यांनी कारभार ओढावा म्हणून. रुद्रेश शेटकडे गेला आणि म्हणाला, याची पहिली मांडणी मी करीन, बाहेरचा माणूस नको. शेट लगेच हो म्हणाले. त्या दिवसापासून हा गडी शीळ घालत फिरायला लागला. बेसूर.

पहिल्यांदा चालू केल्यावर कंट्रोलर ओळीने प्रश्न विचारतो. बहुतेक प्रश्नांपुढे तयार उत्तर असतं. नुसतं एंटर दाबलं की ते मान्य. त्यातला एक प्रश्न जोखमीचा. आतल्या यंत्रांना कुठल्या पट्ट्यातले पत्ते द्यायचे? हे एकदा ठरलं की ठरलं. बदलायचं तर सगळं पुसून पुन्हा श्रीगणेशा. तयार उत्तरातला पट्टा जिथे तिथे वापरात असतो, म्हणजे उद्या एखाद्या गिऱ्हाइकाकडेही तोच निघायचा आणि एका वाड्यावर एकाच नंबराची दोन घरं व्हायची. म्हणून रुद्रेशने सगळ्या गिऱ्हाइकांकडे चौकशी करून एक वेगळा पट्टा निवडून ठेवला होता.

शेट गावच्या देवाला कौल लावून आले. कौल उजवा मिळाला, दिवस आणि वेळ ठरली. आमच्याकडे कौल मिळाला की त्यापुढे कोणी बोलत नाही. मीही नाही, रुद्रेशही नाही. नारळ झाला, गाऱ्हाणं झालं. मग शेटनी आईला, यशोदामायला, खुर्चीवर बसवलं. साखळी गावातल्या त्यांच्या घरात नवा ट्रक आला तरी पहिला हात मायचाच. ऐंशीच्या पुढची बाई, पण डोळे कसे लखलखीत. रुद्रेशने सुरुवातीची उत्तरं स्वतः भरली, एका बिनधोक प्रश्नाशी थांबला आणि एंटर दाखवून तिला म्हणाला की माय, हे दाब.

मायने बटण दाबलं आणि बोट कपाळाला लावलं. मग पुन्हा दाबलं. पुन्हा कपाळाला. त्यांच्या घरात शुभाची गोष्ट पाच वेळा करायची रीत. अक्षता पाच वेळा, ओटीची मूठ पाच वेळा, तसं एंटरही पाच वेळा. रुद्रेशचा हात पुढे आला आणि हवेतच राहिला. म्हातारीचा हात कोण धरणार? पाचव्या एंटरला तो पत्त्यांचा प्रश्न तयार उत्तरासकट मान्य होऊन गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला.

अजून काही बिघडलं नव्हतं. शेवटी यंत्र एकदा विचारतं, यातलं काही बदलायचं आहे का? रुद्रेश शेटच्या कानाशी जाऊन म्हणाला, एक उत्तर पुन्हा भरावं लागेल, मायच्या हातून राहून गेलं. शेट हसत होते. आईच्या तोंडात पेढा भरवता भरवता त्यांनी सांगितलं, "आवशीचो हात लागलो, आता पुसू नको. मागीर बदल."

मागीर, म्हणजे नंतर. गोव्यात या शब्दावर राज्य चालतं. रुद्रेशला माहीत होतं की हे मागीर बदलता येत नाही. पण त्याच्या स्वतःच्याही मनात कौल होता. देवाने दिलेल्या वेळेला, मायच्या हाताने झालेलं काम तिच्या डोळ्यांदेखत खोडायला त्याचा हात धजला नाही. त्याने "नाही" असं उत्तर दिलं आणि यंत्र पुढे गेलं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, नव्या नेटवर्कवर कोणी गिऱ्हाईक आलेलं नाही तोवर गुपचूप पुसून टाक. तो शेटना विचारायला गेला. शेट म्हणाले, जत्रा होऊ दे. जत्रा होईपर्यंत दोन पतसंस्था त्या नेटवर्कवर चढल्या, मग एक शाळा. प्रत्येक गिऱ्हाईक चढलं की पुसणं आणखी अवघड. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. माय मात्र अधूनमधून यायची आणि रुद्रेशला विचारायची, माझं यंत्र बरं चालतंय ना? तो म्हणायचा, चालतंय माय. तेव्हा त्याचा चेहरा मला बघवायचा नाही.

आणि मग इस्पितळ आलं. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांत मोठं, आणि त्यांच्याकडे नेमका तोच पट्टा. जोडणी झाल्याबरोबर त्यांच्या अर्ध्या सर्व्हरचा पत्ता लागेना. त्यांच्यासाठी निघालेला निरोप आमच्याच नेटवर्कमध्ये कुठेतरी जाऊन पडायचा. त्यांचे लोक बैठकीला आले. दाराशीच मायचा तो फोटो लावलाय, तो बघून ते खूशही झाले. आत बसल्यावर विचारलं, हा पट्टा कोणी ठेवला? शेट रुद्रेशकडे बघायला लागले. त्यांना खरंच आठवत नव्हतं, याची मी शपथ घेईन. रुद्रेश म्हणाला, मी ठेवला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर भडकलो. "तू खरा कित्याक सांगलंय नाय?"

"काय सांगू? म्हातारेच्या बोटान इस्कटलां म्हणान?" तो म्हणाला. "आणि शेवटाक 'नाय' कोणी म्हटला? मीच मां?"

राग कोणावर काढायचा तेच कळेना. देवावर काढता येत नाही, मायवर काढवत नाही, आणि शेट तर पोरासारखे गोंधळलेले.

इस्पितळाने अट घातली की सगळं पुसा आणि पहिली मांडणी बाहेरच्या जाणत्या कंपनीकडून करून घ्या. रुद्रेशने फक्त हाताशी राहायचं. सगळ्या गिऱ्हाइकांना रविवारच्या बंदची सूचना गेली. त्या दिवशी पुण्याहून त्या कंपनीची कोमल नावाची एक मुलगी फोनवर होती. कंट्रोलरचा पडदा तिला तिकडे दिसत होता, तिकडून टाइपही करता येत होतं. पण पुसायचा हुकूम जागेवरच्या माणसाने द्यायचा, अशी त्यांची पद्धत. एकेका कंट्रोलरपाशी जाऊन रुद्रेशने स्वतःच्या हाताने आपलं सगळं काम पुसलं. तिसऱ्यापाशी तो थोडा थांबला. कोमलला वाटलं आवाज गेला, तिने हॅलो हॅलो केलं.

यंत्र परत उठलं आणि काळ्या पडद्यावर पहिला प्रश्न आला. रुद्रेशची बोटं आपसूक कीबोर्डवर गेली.

"सर, आता कीबोर्डला हात लावू नका," कोमल म्हणाली. अगदी नम्रपणे म्हणाली. "इथून पुढे मी भरते."

त्याने हात मांडीवर घेतले. पडद्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं. पुण्यात बसलेली मुलगी उत्तर भरायची, थांबायची, तपासायची, मग पुढच्या प्रश्नाला जायची. रुद्रेश प्रत्येक प्रश्न तोंडातल्या तोंडात वाचत होता.

"बरां करता ती," तो मला म्हणाला. "सवकाश करता. असाच करूक होया."

आणि तो रडायला लागला. मी एसीचं तापमान बघायच्या निमित्ताने पाठ फिरवली. तापमान ठीकच होतं.