आगेऱ्याची बातमी

अंधेरीला पत्रकारितेच्या पदवीसाठी येऊन मला तीन महिने झाले होते आणि तोवर वसतिगृह, वर्ग आणि समोरचं उडप्याचं हॉटेल यापलीकडे मी मुंबई पाहिलेली नव्हती. कऱ्हाडला घरी मात्र मी पत्रांतून मुंबईचं वर्णन भरभरून करत होते. ऑक्टोबरात सरांनी आम्हाला एकेक ठिकाण वाटून दिलं. दोन दिवस तिथे जायचं आणि बातमी आणायची. "वर्णन नको, बातमी," असं ते नेमकं माझ्याकडे बघून म्हणाले. माझ्या वाट्याला अंधेरी पूर्वेचं एक ख्रिस्ती गावठाण आलं. त्याचं नाव मी या वेळी लिहीत नाही.

शनिवारी सकाळी बसने निघाले आणि दोन थांबे पुढे जाऊन उतरले. एका कारखान्याच्या रखवालदाराने मला उलटं पाठवलं. कारखान्याची लांबलचक भिंत संपली आणि एकदम कौलारू घरं सुरू झाली. चौकात पांढरा क्रूस, त्याला झेंडूची माळ, शेजारच्या ओट्यावर वाळत घातलेले बोंबील. माणसं मराठीच बोलणारी, आडनावं तेवढी पोर्तुगीज. आपल्याकडे हे सांगून कोणाला पटायचं नाही.

क्रूसाजवळच्या पहिल्याच घरातून हाक आली. "कोनाची गो तू? उनाची आयलीस, बस आधी." ही रेजिनामावशी. साठीची, गुडघ्यापर्यंतचं चौकड्यांचं लुगडं नेसलेली. ती फुगे (मैदा, अंडी आणि नारळाच्या दुधाचे तळलेले गोळे) तळत होती, कारण दुसऱ्या दिवशी आगेरा (नव्या भाताचा सण) होता. मी चार फुगे संपवले आणि मग वही काढली.

आगेऱ्याला भाताची पहिली पेंढी वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. फादर तिला आशीर्वाद देतात आणि घरोघर लोंब्या वाटल्या जातात. पेंढी द्यायचा मान पिढ्यान् पिढ्या या घराचा. ती कापायचा मानाचा विळा भिंतीवर टांगलेला होता. मावशीचा नवरा जोकीमबाबा पेंढी घेऊन पुढे चालतो आणि सारा गाव त्याच्या मागे. तो ओटीवर चष्मा लावून पेपर वाचत होता.

पेंढी बघायची आहे म्हटल्यावर मावशीने मला आतल्या खोलीत नेलं. ती ओल्या फडक्यात गुंडाळलेली होती. "वसईशी आनली, माज्या भावाच्या शेतातली," ती सहज म्हणाली. "आमचा शेत उन्हाळ्यात बिल्डरला दिला. काय करू बाय, मान सोडवत नाय."

सरांनी मागितलेली बातमी ती हीच. मावशीने 'छापू नको' म्हटलं नाही, आणि जो तसं म्हणत नाही त्याचं छापता येतं, हे आम्हाला वर्गात शिकवलेलं होतं.

रविवारी मिरवणूक निघाली. बँड, मेणबत्त्या, नव्या लुगड्यांतल्या बाया, आणि सर्वांपुढे कोट घातलेला जोकीमबाबा, पेंढी तान्ह्या मुलासारखी धरून. म्हाताऱ्याची मान इतकी ताठ की मला क्षणभर त्याची दया आली. गावाला बिचारा फसवतोय, असं मी वहीत लिहिलं.

सरांना बातमी फार आवडली. आमच्या सरावाच्या अंकात ती पहिल्या पानावर आली आणि एका उपनगरी साप्ताहिकानेही ती माझ्या नावासकट उचलली. मी एक अंक कऱ्हाडला पाठवला. आईने तो गल्लीभर फिरवला. मला अतिशय आनंद झाला होता, तो लपवत नाही.

ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना अंक नेऊन द्यायचा, असाही सरांचा दंडक होता. तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेले, या खेपेला बरोबर थांब्यावर उतरले. क्रूसापाशी आंतोनकाका भेटले. सणाची व्यवस्था तेच बघतात.

"काय गो, काय नवीन छापलास तू?" ते म्हणाले. "त्या शेतावर भराव पडला तो आमच्या डोल्यांसमोर. सगल्या गावाला ठाव होता."

"मग कोणी बोललं कसं नाही?"

"बोलून काय करायचा होता? म्हातारा पुढे चालायचा, आमी मागे चालायचो. आता छापून आला म्हनताना तो मानाचा विला माज्या घरी ठेवून गेला. माजा तरी शेत कुठे हाय? गावात कोनाचाच नाय. पुढल्या साली पुढे कोनी चालायचा, तू सांग."

परत फिरावं असं फार वाटलं, पण मावशीने दारातून मला पाहिलं होतं.

तिने पाणी दिलं, बसायला पाट दिला. भिंतीवर विळ्याच्या जागी नुसता खिळा होता. जोकीमबाबा ओटीवर पाठमोरा बसला होता. "वाच, बाय," मावशी म्हणाली. "मना वाचता येत नाय. आमचे हे वाचून दाखवत नाय."

मी वाचायला लागले. क्रूस, बँड, लुगडी, फादर. 'गावाच्या नकळत परक्या शेतातली पेंढी मानाची म्हणून मिरवली गेली' हे वाक्य आलं. मी ते गाळलं आणि पुढचं वाचायला घेतलं.

"मधला एक ऱ्हायला," ओटीवरून आवाज आला. आणि मान न वळवता जोकीमबाबाने ते वाक्य म्हणून दाखवलं, एका शब्दाची चूक न करता.

मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि रिकामा पेला उचलून ती आत गेली. ती बाहेर येण्याआधी मी निघाले.

बसमध्ये अंक माझ्या मांडीवरच होता, द्यायचा राहून गेला होता. आपण लिहिलेलं कोण वाचणार हे डोळ्यांसमोर ठेवून लिहा, असं सर नेहमी सांगत, आणि मी सरांनाच डोळ्यांसमोर ठेवत आले होते. पुढे पदवी मिळाली, नोकरी लागली, बऱ्याच बातम्या छापून आल्या. माझं लिहिणं पाठ होईपर्यंत वाचणारा दुसरा वाचक मला अजून भेटलेला नाही.