सुमीनं लाडू खाल्ले नव्हते

"थाळीतले दोन लड्डू गायब आहेत, आणि तुझी मुलगी पोट धरून पडलीय. अजून काय सबूत पाहिजे?"

काकू बोलल्या. घराच्या चौकात, श्राद्धाला आलेल्या यात्रेकरूंच्या देखत.

काशीत ब्रह्मा घाटावर, यात्रेकरूंची श्राद्धं करवणाऱ्या काकूंच्या घरी मी सोवळ्यात स्वयंपाक करायची. जातीने त्यांचीच, पण विधवा, पोटासाठी राबणारी. जिन्याखालची खोली दिली होती. तिथे माझी सहा वर्षांची सुमी आठवडाभर तापाने फणफणत होती. डोळे लाल, ओठ फुटलेले, अंगभर पुरळ. देवी आल्यात, औषध देऊ नकोस, असं काकूंनी बजावलं. मी ऐकलं.

ब्राह्मण जेवायच्या आधी श्राद्धाचं अन्न उष्टं झालं की सगळा स्वयंपाक टाकून द्यायचा. गच्चीवर माकडं होती. पण काशीत माकडांवर आळ कोण घेणार? मी खोलीत गेले आणि तापलेल्या पोरीच्या थोबाडीत मारली. दुसऱ्या थपडेला ती म्हणाली, "खाल्ले."

दोन दिवस ती कण्हत होती. मग मी तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना मीच सांगितलं, "चोरी से लड्डू खाया है." त्यांनी बरगडीखाली हात लावला. तेव्हा सोनोग्राफी नवीन होती, तीही केली.

"पित्त की थैली फूल गई है. इसी बुखार की सूजन है. लड्डू? इसके होंठ देखिए. पानी भी कैसे निगलती होगी?"

मला तिथेच मरावंसं वाटलं.

औषधांनी थैलीची सूज उतरली. पण तापाने हृदयही धरलं होतं. लवकर आणायला हवं होतं, असं ते म्हणाले.

परतल्यावर काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण तिनं कबूल केलं होतं ना? देवापुढे नाक घासून माफी मागू दे. मग तू चुलीपाशी ये." आणि सोवळ्याचं लुगडं पुढे केलं.

सुमी मुकाट्याने वाकायला लागली. मी तिला दंडाला धरून उभं केलं.

"ती माफी मागणार नाही," मी म्हटलं. लुगडं घेतलं नाही. आमचं गाठोडं घेतलं आणि निघाले.

गल्लीत सुमीनं विचारलं, "आई, मी एकच खाल्ला होता ना?"

मी भर गल्लीत बसून रडले.

तिनं खाल्ले नव्हते. तिला पटेपर्यंत मी हे सांगणार आहे. आणि पुन्हा कुणी तिला वाकायला लावलं, मग समोर देव का असेना, गाठ माझ्याशी आहे.