अच्युतने निवडलेली प्रणाली

मिरज जंक्शनवर तारेची कळ वाजवणारे गणेशपंत देवस्थळी. त्यांचे चिरंजीव, टेलिफोन एक्स्चेंजात हयात घालवलेले विष्णुपंत. आणि विष्णुपंतांचे माधवराव, ज्यांनी सरकारी परवाना काढून माळ्यावर हौशी रेडिओ केंद्र चालवले. निरोप पोहोचवणे हाच ज्यांचा कुळाचार, अशा घराण्यातल्या, माधवरावांच्या कन्या कुमुदिनीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, वय वर्षे एकोणऐंशी, दुपारचे जेवण उरकून आरामखुर्चीत डोळे मिटून पडल्या आहेत.

झोप लागत नाही. पाचच्या आत उत्तर द्यायचे आहे. माधवरावांच्या पश्चात त्यांनी आणि धाकटा भाऊ अच्युत याने मिळून ‘मिरज फलक’ चालवला होता. टेलिफोनच्या तारांना संगणक जोडलेला. लांबलांबच्या हौशी मंडळींनी आपापल्या संगणकावरून फोन लावायचा, निरोप ठेवायचा, इतरांचे वाचायचे. घरोघरी इंटरनेट येण्याआधी हा मान मिरजेत या एका घराचा. आता अच्युतची नात ऋजुता तोच फलक इंटरनेटवर पुन्हा उभा करते आहे आणि तिने विचारले आहे, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती घालायची? आजची, की आजोबांनी पहिल्यांदा निवडलेली ओएस-टू?

उत्तर बाईंना ठाऊक आहे. पण ते उच्चारले की पाठोपाठ दुसरा प्रश्न येणार: मग त्या दसऱ्याला ती काढून का टाकली होती, आणि लोकांचे निरोप घालवले कुणी? जुनी मंडळी आजही अच्युतचेच नाव घेतात.

पापण्या जड होतात. स्वयंपाकघरातून मोडेमची शीळ येते आहे.

"आक्का, दिवसाढवळ्या पेंगतेस? शाळेत पोरांना बाकावर उभं करायचीस यासाठी."

अच्युत उंबऱ्यात उभा आहे. जाऊन वीस वर्षे झाली, तरी शर्टाच्या खिशात पेचकस तसाच.

"चपला बाहेर काढ," बाई म्हणतात.

"मेलेल्या माणसाच्या कसल्या चपला?"

"माणसं गेली असतील. घराची शिस्त गेलेली नाही."

तो निमूट चपला काढतो. दोघे स्वयंपाकघरात जातात, तर फडताळातल्या डब्यांच्या जागी विष्णुपंतांच्या एक्स्चेंजातले लहान लहान दिवे उघडझाप करीत आहेत. ओट्यावर संगणक आहे, झेंडूची माळ घातलेला, कळांच्या फटींत अक्षता अडकलेल्या.

"ओळखलंस?" अच्युत विचारतो.

न ओळखून कसे चालेल? खंडेनवमीला यंत्र पूजेला बसले, म्हणजे त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही, हा बाईंचा दंडक. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, विजयमुहूर्तावर ओएस-टू काढून नवी प्रणाली घालायची, हाही त्यांचाच हुकूम.

"मी म्हटलं होतं, आधी निरोपांची प्रत काढू. दोन तास दे."

"मुहूर्त टळला असता."

"मुहूर्त साधला. चारशे बारा जणांनी दोन वर्षं लिहिलेलं मात्र पुसलं गेलं."

झेंडूचा वास उग्र होतो. बाई ओट्याची कड घट्ट धरतात.

"दोष अंगावर घ्यायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"तू मुख्याध्यापिका. गावभर हसू झालं असतं."

"मला विचारायचं तरी होतंस."

"विचारायची सोय तू कधी ठेवली होतीस, आक्का?"

ओटा आता जंक्शनचा फलाट झाला आहे. रुळांवर गाडी नाही; तारेचे खांब तेवढे दूरवर गेलेले. अच्युत हाताची घडी घालतो, परीक्षकासारखा.

"बोल, कोणती घालायची?"

"ओएस-टू," बाई ठणकावून सांगतात. "चौघांनी एकदम फोन लावला तरी चौघांचीही सरबराई करते. आपल्या फलकाचा प्रोग्राम तिच्यावरच रुळलेला. आणि घरातल्यांना न विचारता स्वतःत काडीचाही बदल करीत नाही."

"म्हणजे तुझ्याच वळणाची!" तो खो खो हसतो. "आणि हेच मी सांगितलं होतं तेव्हा?"

खांबांवरच्या तारा गुणगुणतात. बाई मान ताठ ठेवतात.

"तेव्हा तू बरोबर होतास. देवस्थळ्यांच्या चार पिढ्यांत तुझ्याइतकी पारख कुणाला नव्हती."

"हे मला कशाला सांगतेस? मला माहीत होतं." कुठूनसा काळा, जड रिसीव्हर काढून तो त्यांच्या हातात ठेवतो. "त्यांना सांग."

बाई रिसीव्हर कानाशी दाबून धरतात. पलीकडे शेकडो माणसे श्वास रोखून थांबली आहेत.

"आत्याआजी! पाच वाजत आले."

ऋजुता खुर्चीशी वाकली आहे. "हे काय झालंय कानापाशी?"

बाई आरसा मागवतात. उजव्या कानाभोवती गोल वळ उठला आहे आणि त्याच्या आत रांगेने टोचल्यासारखे बारीक ठिपके, जुन्या रिसीव्हरच्या भोकांचे असावेत तसे. तसले यंत्र या घरातून जाऊन पंधरा वर्षे झाली. बाई वळावर हातही फिरवत नाहीत.

"बस. लिही. फलक उघडला की सगळ्यात आधी हेच दिसलं पाहिजे." आणि त्या खणखणीत आवाजात सांगू लागतात: "या फलकाची प्रणाली ओएस-टू आहे. ती अच्युत माधव देवस्थळी यांनी निवडली आणि त्यांची निवड योग्य होती. दसऱ्याच्या मुहूर्तासाठी प्रत न काढता आपले निरोप मी पुसायला लावले. अच्युत मला थांबवत होता, मी ऐकले नाही. त्याने आपल्यापुढे कबूल केलेली चूक त्याची नव्हती, माझी होती. कुमुदिनी माधव देवस्थळी."

ऋजुताची बोटे थांबतात. "म्हणजे आजोबांनी नाही…? बाबा अजूनही त्यांच्या नावाने खजील होतात."

"आज संध्याकाळपासून व्हायचं नाही. त्याला फोन करून मीच सांगते."

"पण आत्याआजी, लोक तुला बोलतील."

"बोलू देत. इतकी वर्षं अच्युतने माझ्या वाटणीचं ऐकून घेतलं." बाई चष्मा लावून एकेक ओळ तपासतात. नंतर ऋजुताचा हात बाजूला सारून कळ स्वतः दाबतात.

पडद्यावर मजकूर उमटतो. भावाचे देणे पैन् पै फिटते.