मोबाइलातले सासरे

हिंगोलीकडल्या गोरेगावजवळच्या बंजारा तांड्यावर प्रेमदास पेंटर कुठं राहतो हे लहान पोरही सांगतं. पंचवीस वर्षं या माणसानं अर्ध्या सेनगाव तालुक्याच्या पाट्या रंगवल्या, शाळांच्या भिंतींवर पाढे लिहिले, आणि स्वतःच्या घराला मात्र कधी रंगाचा हात लावला नाही. मग फ्लेक्स आला. ज्यांना ब्रश कुठल्या बाजूनं धरायचा हे ठाऊक नाही त्यांच्या हाती धंदा गेला. प्रेमदास वर्षभर चरफडला आणि एक दिवस मोबाइलवर बोटानं चित्रं काढायला बसला. काढलेलं चित्र हलवता येतं हे कळल्यावर तर त्याला जेवणाचंही भान राहीना. पहिल्यांदा त्यानं एक कोंबडा चालवला. तो थोडा लंगडत होता, पण चालला.

त्या कोंबड्याची कीर्ती सेनगावच्या एका संस्थेपर्यंत गेली. शेतातलं औषध जपून कसं हाताळावं याचे आठ धडे त्यांना गावोगावच्या बायांच्या फोनवर पाठवायचे होते. पंप पाठीला लावून फवारतो तो पुरुष, पण ड्रममध्ये औषध कालवून पंप भरून द्यायचा तो बाईनं, आणि विषाशी खरी गाठ तिथंच पडते. आधी संस्थेनं एका साहेबांचं भाषण पाठवून बघितलं होतं. बाया दुसऱ्या मिनिटाला फोन लेकरांच्या हाती देत.

संस्थेच्या संगिता मॅडम म्हणाल्या, "भाऊ, बायांना आपला वाटेल असा एक माणूस काढा. त्यानं हसावं, बोलावं, मध्येच प्रश्न विचारावा, आणि बायांनी बोलून उत्तर पाठवावं."

प्रेमदासला विचार करावा लागला नाही. त्यानं आपला बाप काढला.

लखमा राठोड जाऊन चार वर्षं झाली होती. तांड्यातलं भांडण त्याच्या ओट्यावर आलं की मिटूनच परत जायचं, असा माणूस. फोटो म्हणावा तर आधार कार्डावरचा, त्यात तो कुणीही असू शकला असता. तेव्हा प्रेमदासनं आठवणीतून काढला. पांढरा पटका, मिशा, बोलण्याआधी डोळे किलकिले करायची सवय. आवाज त्यानं स्वतःचाच दिला, बापाच्या ढबीत. नुसत्या डोळ्यांच्या उघडझापीला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी बापानं फोनमधून त्याच्याकडं बघून डोळे मिटले आणि उघडले, आणि हा सेहेचाळीस वर्षांचा बाप्या बाजेवर बसून ओक्साबोक्शी रडला. आता बापाला सारा तालुका बघणार होता, याचं त्याला फार सुख झालं.

जुलैत धडे गेले. गावागावांतून उत्तरं येऊ लागली. पण तांड्यांवरून येईनात, एकही नाही. गंमत अशी की प्रत्येक धडा शेवटपर्यंत लावलेला दिसत होता.

"रेंजचा घोळ असेल," संगिता मॅडम म्हणाल्या.

प्रेमदासनं घरी विचारलं. घरात बोलायची ती गोरबोलीच, बंजाऱ्यांची; इथं आपल्या मराठीत सांगतो.

"धडे झाले का तुझे?" त्यानं बायकोला विचारलं.

"झाले की. आठच्या आठ ऐकले," भिकाबाई म्हणाली.

"मंग उत्तर काहून न्हाई पाठवलं?"

ती भाकरी थापत राहिली. प्रेमदासला वाटलं, लाजली असेल. माणूस चित्रकार होता, पण घरात बघायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

पोळा तोंडावर आला तेव्हा सोयाबीनवर अळी पडली. प्रेमदासचा चुलतभाऊ पंप घेऊन आला आणि भिकाबाई बांधावर ड्रमशी बसली. हातमोजे घातले, तोंडाला रुमाल बांधला, काडीनं ढवळलं. धड्यात सांगितलं तेवढं सारं केलं. वारा समोरून येत होता. औषधाची भुकटी ड्रममध्ये टाकली की निम्मी उडून तिच्या डोळ्यांत जायची. दुपारपर्यंत तिला उलट्या सुरू झाल्या आणि बांधावरून उठताना ती पडली.

जीपमध्ये घालून तिला हिंगोलीला नेलं. दोन दिवस सलाइन चाललं. पोरगी पुजा तिथंच नर्सिंग शिकते, ती उशाशी बसून होती. धोका टळला असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मग प्रेमदासच्या भीतीचा राग झाला. नवऱ्यांचं असंच असतं.

"आठ धडे केले अन् वाऱ्याकडं तोंड करून बसलीस? वाऱ्याकडं पाठ करा म्हणून तिसऱ्या धड्यात सांगितलंय."

"सांगितलं कुठं?" ती पडल्यापडल्या म्हणाली. "'वारा बघा आन हे असं बसा,' एवढंच आलं. असं म्हंजी कसं, ते मला काय ठावं?"

"चित्रात दाखवलंय की. बघायला काय झालं होतं?"

"चित्राकडं कशी बघू?" भिकाबाईचा आवाज बारीक झाला. "तिथं तुमचे बा बसले होते."

पुजानं बापाकडं बघितलं. प्रेमदास खाटेच्या कडेला टेकला.

तांड्यावर परतल्यावर त्यानं चार घरी विचारलं. सगळीकडं तेच. बाया फोन डब्याला टेकवून ठेवत, लखमाचा आवाज आला की पदर हनुवटीपर्यंत ओढून, पाठमोऱ्या बसून ऐकत. आठही धडे, अगदी इमानदारीनं. दुसऱ्या तांड्यांवर लखमाला कुणी ओळखत नव्हतं, पण तसलाच पटका आणि तसल्याच मिशा तिथं प्रत्येकीच्या सासऱ्याच्या होत्या. ज्या माणसापुढं कुठल्या सुनेनं जन्मात तोंड उघडलं नाही, तो विचारतो, "सांगा बायांनो," आणि म्हणे उत्तर पाठवा. परक्या साहेबाकडं निदान दुर्लक्ष तरी करता आलं होतं. प्रेमदासनं हौसेनं त्यांच्या हातात सासरा नेऊन बसवला होता.

बाप काढून टाकायला हवा हे त्याला त्याच दिवशी कळलं, आणि तो आठ दिवस टाळत राहिला. आधी पटका काढून बघितला. मग मिशा. पण डोळे किलकिले झाले की तो लखमाच. चांगला म्हणावा असा बापाचा तेवढाच चेहरा जगात उरला होता. तोच स्वतःच्या हातानं धड्यांतून काढायचा होता. एकदा त्यानं मनाशी असंही म्हणून बघितलं की बायांनीच थोडी सवय करावी. त्याच वेळी भिकाबाई भिंतीला धरून न्हाणीकडं चालली होती. तिला अजून चक्कर येत होती. त्यानं फोन उघडला आणि आठही धड्यांतून बापाला बाहेर काढलं.

आता त्या जागी कोण? संगिता मॅडम म्हणाल्या, पांढऱ्या कोटातली डॉक्टरीण घ्या. प्रेमदास नको म्हणाला. तिचंही बाया मान खाली घालून ऐकतील. त्याला असं कुणी हवं होतं ज्याच्याकडं त्या डोळे वटारून बघतील. असा माणूस शोधायला त्याला आरशापलीकडं जावं लागलं नाही. पुढं आलेलं पोट, विरळ केस, चष्म्याला बांधलेला दोरा. हा नवा गडी प्रत्येक धड्यात सगळं उलटं करायचा. औषध हातानं ढवळायचा, त्याच हातानं तंबाखू मळायचा, वाऱ्याकडं तोंड करून ऐटीत बसायचा आणि वर विचारायचा, "काय चुकलं माजं?" प्रत्येक चूक आता नुसती दाखवून भागवली नव्हती, शब्दांतही सांगितली होती.

तीन दिवसांत संगिता मॅडमचा फोन भरून गेला. तांड्यातांड्यांवरून बाया त्या गड्याला झाडत होत्या. "पाठ कर वाऱ्याकडं, मुडद्या," असं एकीनं कळवलं होतं. दुसरीनं त्याच्या बायकोची कीव केली होती. सगळ्यात लांबलचक उत्तर भिकाबाईचं होतं, आणि त्यातला निम्मा मजकूर औषधाबद्दल नव्हताच. प्रेमदासनं तो खाली मान घालून ऐकून घेतला.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी तो ओट्यावर बसून फोनमधली जागा मोकळी करत होता. बापाचे जुने धडे समोर आले; तेवढी प्रत पुसणं त्याला जमलं नव्हतं. भिकाबाई तूर निवडत शेजारी बसली होती.

"एक सांग," तो म्हणाला. "आता खरं सांग. बा जमला होता का मला?"

"मला काय ठावं?"

"अठरा वर्षं घरात होता की तुज्या."

"घरात होते. म्या त्यांचे पाय बघितले. डाव्या पायाचा अंगठा आत वळलेला होता, ते येऊन राहिले की चपलेच्या आवाजावरून कळायचं मला. चेहरा कवा बघितला? ते गेले तवाबी पदर खालीच होता."

बापाचा अंगठा वळलेला होता, हे प्रेमदासला ठाऊक नव्हतं.

त्यानं फोन तिच्यापुढं धरला. भिकाबाईचा हात पदराकडं गेला आणि तिथंच थांबला. ती चित्राकडं बघू लागली. लखमानं डोळे किलकिले केले, मिटले, उघडले. प्रेमदासला वाटलं, आता ती तोंड फिरवील. तिनं फिरवलं नाही.

"पुजाचं नाक," ती हळूच म्हणाली. "एकोणीस वरसं मी म्हणून राहिले, ह्या पोरीनं हे नाक आणलं कुठून."