रिकाम्या घागरीचं गाणं

नेहा, जोएल,

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, पापनिवेदनाला गुडघे टेकले तेव्हा फादरांनाही नाही. आता लिहिते आहे ते नेहाच्या एका साध्या मागणीमुळे. नेहा, परवा व्हिडिओ कॉलवर तू म्हणालीस, की तू तुझी गाणी नेटवर टाकतेस आणि त्यात आपल्या वाडीचं एखादं जुनं लग्नगीत घ्यायचं आहे. मार्थाआजीचं रेकॉर्डिंग असेल ना? मी म्हणाले, बघते. बघण्यासारखं काही नव्हतं. ते रेकॉर्डिंग का उरलं नाही, हे मला ठाऊक आहे — फक्त मलाच.

मार्था माझी थोरली जाऊ. शाळा तिने लवकर सोडली, पण गाणं तिच्या तोंडी उभ्या उभ्या तयार व्हायचं. नवी नवरी पहिल्यांदा विहिरीवर घागर भरायला निघाली, की सासरच्या बायकांनी मागून चालत तिला गाण्यातून चिडवायचं, अशी आमच्याकडे रीत होती. नवरीने रुसायचं नाही. मी हॉस्टेलच्या नळावर वाढलेली. माझी घागर पुन्हा पुन्हा रिकामी वर आली. मार्थाने तिथल्या तिथे कडवं जोडलं. सगळ्या हसल्या, मीही हसले — आत काय झालं, ते कशाला सांगू?

पुढे मी इंग्रजी शिकवलं, मुख्याध्यापिका झाले. माझ्यासमोर कुणी मोठ्याने हसत नसे. पण मार्थाच्या गाण्यात मी अजून विहिरीवरच उभी होते.

तिचा नातू ब्रायन गिटार वाजवायचा. पाठीशी कंपनी नाही, कुणाची ओळख नाही. स्वतः गाणं करायचं, स्वतःच्या चॅनेलवर टाकायचं आणि लिंक गावभर पाठवायची. एकदा त्याने मार्थाला ओट्यावर बसवून तिच्याकडून ते विहिरीचं गाणं पुरतं गाऊन घेतलं आणि चॅनेलवर टाकलं. घरात आलेल्या प्रत्येक सुनेवर त्यात एक कडवं होतं — तुमच्या आईवरसुद्धा. तिच्या आवाजाखाली त्याने हलकीशी गिटार वाजवली. फार सुंदर झालं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

गाणं वाऱ्यासारखं पसरलं. पाचूबंदरच्या एका लग्नात वाजवायला ब्रायनला बोलावणं आलं, नोकरी शोधायचं त्याने थांबवलं. इकडे माझे जुने विद्यार्थी व्हिडिओखाली लिहू लागले — 'ही तर आपली टीचर!' आगाशीच्या बाजारात केळीवालीने फोन माझ्यापुढे धरला. "बाई, गुड मॉर्निंगवाली ती तुम्हीच ना?" शेजारचीही हसली. मी केळी न घेताच घरी आले.

आणि चॅनेलच्या साइटकडे तक्रार केली. निर्दोष इंग्रजीत, माहेरच्या नावाने — ते नाव या घरात कुणाच्या तोंडी नव्हतं. लिहिलं, की हे गाणं माझं आहे आणि परवानगीशिवाय वापरलं आहे. माझं? त्यात माझी फक्त फजिती होती.

व्हिडिओ गेला. पण हे सांगायला मी बसलेली नाही. खरं पुढे आहे.

साइटने पाठवलेला तक्रारीचा ईमेल घेऊन ब्रायन आला — माझ्याकडेच. मागून मार्था.

"धाकटी आजी, ही बाई कोण? आजीचं गाणं हिचं कसं झालं?"

मी काही बोलायच्या आत मार्था म्हणाली, "ही सांगेल तसं कर रे. आपल्यात शिकलेली तीच."

तक्रार खोडायला लागणारं उत्तर चार ओळींचं होतं. मी ते चहा होईपर्यंत लिहून दिलं असतं. त्याऐवजी मी चष्मा लावला, ईमेल सावकाश वाचला आणि म्हणाले — हे कोर्टाचं प्रकरण आहे, नादी लागू नकोस, बाकीची गाणीही काढून टाक. पहिलं खोटं रागात होतं. दुसरं मी त्यांच्यापुढे चहाचे कप ठेवून, शांतपणे बोलले. कुठलं मोठं?

त्याने सगळं पुसलं. चॅनेलवर आहेच म्हणून फोनमधलं त्याने आधीच काढलं होतं. आता तो विमानतळावर कार्गोत कामाला आहे. रविवारी चर्चमध्ये वाजवतो. नेटवर काही टाकत नाही. मार्था मागच्या वर्षी गेली. शेवटपर्यंत ती औषधांच्या चिठ्ठ्या माझ्याकडूनच वाचून घ्यायची.

हीच पानं आज मी ब्रायनच्या हातात देणार आहे. तो काय म्हणेल, ते त्याचं.

नेहा, तुझ्या मागणीचं उत्तर राहिलं. तुझ्या आईला विचारलं. तिच्यावरचं कडवं तिला आठवत नाही; विहिरीवर ती खरोखरच हसली होती. बाकीच्या सुनांनाही आठवत नाही. माझं मला तोंडपाठ आहे. आमच्या बोलीत त्याला धार जास्त आहे, तुम्हाला समजावं म्हणून साध्या मराठीत लिहिते —

इंग्रजी शिकली नवरी आली, हातात घड्याळ मिरवी,
विहिरीला म्हणे गुड मॉर्निंग, घागर रिकामी फिरवी.

एवढंच उरलं आहे.